मस्य यूलो रजेवर आहेत

रजा मिळणं आणि रजा घेता येणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी अर्ज लागतो, दुसरीसाठी अंगात काहीतरी असावं लागतं. दोन दशकं बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे हे मी थोड्या अधिकारानं सांगू शकतो. आमच्याकडे कॅज्युअल, सिक, प्रिव्हिलेज असे रजेचे नाना प्रकार आहेत. शिवाय एलएफसी म्हणून बायकामुलांसकट हिंडून यायची सवलत आहे. ती सवलत पदरात पाडून घेतलेला आमचा माणूस महाबळेश्वरला पोचतो, पॉइंटावर उभा राहतो, दरीकडे बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "इथं आपली ब्रँच कुठंशी आहे हो?"

या आजारावरचा जगातला सर्वांत चांगला ग्रंथ कोणता, असं मला विचाराल तर तो ग्रंथ नाही, सिनेमा आहे. फ्रेंच आहे, काळापांढरा आहे, आणि त्यात कुणी धड असं काही बोलत नाही. १९५३ साली तो पडद्यावर आला. नावाचं मराठी करायचं तर 'मस्य यूलो यांची सुट्टी'. मस्य म्हणजे श्रीयुत, मत्स्याशी संबंध नाही. आणि यूलो हे आडनाव रोमन लिपीत पाच अक्षरांनी लिहितात, पैकी पहिलं आणि शेवटचं अक्षर उच्चारातच येत नाही. म्हणजे नावातली दोन अक्षरं आधीच रजेवर गेलेली! दिग्दर्शक झाक ताती आणि यूलोही तोच.

पण यूलोच्या सुट्टीकडे जाण्याआधी सुट्टीचाच इतिहास बघावा लागेल. समुद्रावर जाऊन पाय पसरणं हा फ्रान्समध्ये बराच काळ पैसेवाल्यांचा उद्योग होता. कामगारानं समुद्र पाहिलाच तर तो कॅलेंडरवर. १९३६ साली तिथे डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार निवडून आलं, आणि ते खुर्चीत बसायच्या आतच लाखो कामगार संपावर गेले. कारखान्यांत ठिय्या देऊन ते अकॉर्डियनवर नाचले, अशी छायाचित्रं आहेत. (आमच्या युनियननं नाचण्याचा मुद्दा मागणीपत्रात कधीच घेतला नाही.) जून महिन्यात पंतप्रधान लेआँ ब्लुम यांच्या सरकारनं कायदा केला: वर्षाला दोन आठवडे पगारी रजा. क्रीडा आणि विरंगुळा हे खातं सांभाळणारे लेओ लाग्राँज यांनी पुढचं पाऊल टाकलं. नुसती रजा घेऊन माणूस जाणार कुठं? म्हणून त्यांनी रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सूट मिळवून दिली. थोडक्यात, आमच्या एलएफसीचे हे फ्रेंच चुलत आजोबा. त्या उन्हाळ्यात काही लाख माणसं ही तिकिटं घेऊन निघाली. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. विरोधकांनी मात्र लाग्राँज यांच्या खात्याला 'आळसाचं खातं' म्हणून हिणवलं.

पुढची हकीकत हसण्यासारखी नाही. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. खासदार असलेले लाग्राँज आपणहून सैन्यात गेले होते. ९ जून १९४० रोजी ते आघाडीवर मारले गेले. 'आळसाच्या खात्या'चा मंत्री असा गेला. ब्लुम यांना पराभवानंतर आलेल्या सरकारनं तुरुंगात टाकलं आणि १९४२ साली रिओम गावी त्यांच्यावर खटला भरला. देश हरला कशानं, तर यांनी कामाचे तास कमी केले आणि लोकांना सुट्ट्या दिल्या, असाही आरोपाचा एक सूर होता. ब्लुम यांनी स्वतःचा बचाव इतका बिनतोड केला की खटला अर्ध्यावर गुंडाळावा लागला. एका राष्ट्राचा पराभव रजेच्या खात्यावर नावे टाकायचा हा प्रयत्न वाचला तेव्हा मला आमचे एक जुने मॅनेजर आठवले. ताळेबंद जुळला नाही की ते आधी रजेचं रजिस्टर मागवत.

आता नकाशावर बोट पश्चिमेला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर आणा. इथं सँ-नाझेर नावाचं बंदर आहे. १७ जून १९४० रोजी या बंदराबाहेर 'लँकॅस्ट्रिया' ही माणसांनी खच्चून भरलेली ब्रिटिश बोट बाँबनं बुडाली आणि हजारो माणसं गेली. मग जर्मनांनी इथं पाणबुड्यांचा अड्डा बांधला. तो फोडण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी इतके बाँब टाकले की अड्डा राहिला आणि शहर गेलं. जर्मनीनं शरणागती पत्करल्यावरही इथली लढाई तीन दिवस रेंगाळली. ११ मे १९४५ ला हा भाग सुटला.

आणि या सँ-नाझेरच्या हद्दीत, गावापासून थोडं बाजूला, एक लहानसं पुळणीचं गाव आहे, सँ-मार्क-स्यूर-मेर. १९५१ च्या उन्हाळ्यात झाक ताती कॅमेरा घेऊन पोचला तो इथं. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. एवढा मोठा फ्रान्सचा किनारा सोडून विनोदी सिनेमासाठी यानं ही जागा निवडली.

सिनेमा सुरू होतो तो रेल्वे स्टेशनात. लाऊडस्पीकरवरून काहीतरी घोषणा होते. ती कुठल्या भाषेत आहे ते ब्रह्मदेवालाही कळू नये. सगळे प्रवासी बॅगा उचलून या प्लॅटफॉर्मवरून जिना उतरून त्या प्लॅटफॉर्मवर जातात. गाडी पहिल्या प्लॅटफॉर्मवर येते. ठाणे-कल्याणकडच्या माणसाला इथं सबटायटलची गरज पडत नाही.

यूलो मात्र गाडीनं येत नाही. त्याच्याकडे १९२४ सालची एक खटारा मोटार आहे, ती बंदुकीसारखे बार काढत येते. हॉटेलाचं दार उघडून तो आत पाऊल टाकतो, आणि त्याच्यामागून वारा आत येतो. कागद उडतात, चहाची धार कपाच्या बाहेर जाते, एवढा वेळ मेणाच्या पुतळ्यांसारखे बसलेले पाहुणे वैतागतात. नाव काय म्हणून मालक विचारतो. यूलोच्या तोंडात पाइप, दोन्ही हातांत सामान. शेवटी मालक स्वतः तो पाइप त्याच्या तोंडातून काढतो आणि तेव्हा नाव कळतं. सबंध सिनेमात यूलोचं जे काही बोलणं आहे, त्यातला मोठा भाग इथं संपतो.

आता हे पाहुणे बघा. एक उद्योगपती आहे, तो पाण्यात पाय बुडवतो न बुडवतो तोच त्याला फोन येतो. एक निवृत्त फौजी अधिकारी आहे, तो अजून लढायांतच आहे. एक तरुण विद्वान आहे, तो सुंदर मुलीला जगाचं कसं चुकतंय ते समजावून सांगतो. संध्याकाळी सगळे रेडिओपाशी बसून गंभीर चेहऱ्यानं राजकारण ऐकतात. जेवणाची घंटा झाली की उठतात. म्हणजे ऑफिस सुटलं, पण हजेरीपट बरोबर आणला आहे! कायद्यानं त्यांना रजा दिली. ती घ्यायची कशी, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

यूलोला ते उपजत येतं. दुकानात रॅकेट दाखवणारी बाई हात पुढेमागे करून दाखवते, तो तेवढंच शिकतो आणि त्याच सर्व्हिसवर झाडून सगळ्यांना हरवतो. त्याची होडी मधोमध मोडून शार्कच्या जबड्यासारखी मिटते, त्यात तो अडकतो. टायरची ट्यूब पानांवर पडते, पानं तिला चिकटतात, आणि शेजारी चाललेल्या दफनविधीतले लोक तिला पुष्पचक्र समजून सन्मानानं लटकवतात. मग ते पुष्पचक्र फुस्स करून हवा सोडतं. यूलो रांगेत उभा राहून सांत्वनाचे हात हातात घेतो, कारण नको म्हणणं उद्धटपणाचं दिसेल.

कुणाचं काही वाईट व्हावं असं त्याच्या मनात नसतं, कुणाला शिकवावं असंही नसतं. शेवटी एका रात्री अंधारात हा काडी ओढतो ती नेमकी दारूकामाच्या कोठारात. रॉकेट सुटतात, आकाश फुटतं, हॉटेलातले दिवे भराभर लागतात, माणसं झोपेतून उठून धावतात. तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोट धरून हसलो. सँ-नाझेरचा इतिहास वाचल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा हसता हसता थबकलो. त्याच किनाऱ्यावर नऊ-दहा वर्षांपूर्वी रात्री असाच उजेड व्हायचा आणि माणसं अशीच उठायची. तातीनं त्या रात्रींबद्दल सिनेमात एक शब्द काढलेला नाही. फक्त या वेळी कुणी मरत नाही. सकाळी सगळे चहा पितात आणि तक्रार करतात. तक्रार करण्याइतकं सुख परत आलं, ही काय लहान गोष्ट झाली?

समुद्रकाठच्या गावातले विनोदी सिनेमे फ्रेंचांनी पुढे पुष्कळ काढले. त्यातला सर्वांत धो धो चाललेला म्हणजे १९६४ चा 'सँ-त्रोपेचा शिपाई'. त्या वर्षी फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त माणसांनी पाहिला तो हाच. त्यातला लुई द फ्यूनेस म्हणजे यूलोचं अगदी दुसरं टोक. यूलो उंच, हा बुटका. यूलो बोलत नाही, हा क्षणभर गप्प बसत नाही. यूलो स्वतः सुट्टीवर असतो, तर हा पोलीस दुसऱ्या कुणाला सुखानं सुट्टी घेऊ देत नाही. पुळणीवर विवस्त्र पहुडलेल्या मंडळींना पकडण्यासाठी तो लष्करी डावपेच आखतो. वरिष्ठांपुढे शेपूट, कनिष्ठांपुढे डरकाळी. हा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, म्हणून तर त्याचे एकूण सहा भाग निघाले. सँ-त्रोपेची ती जुनी पोलीसचौकी आता म्युझियम झाली आहे.

हसण्याचीही जात असते. तातीचा एकेकाळचा साहाय्यक पिएर एतेक्स यानं १९७१ साली सुट्टीवरच्या फ्रेंच जनतेचा एक माहितीपट काढला. तंबू, गर्दी, सुटलेली पोटं, बेसूर गाणी, सगळं खरंखुरं. लोक भयंकर चिडले आणि एतेक्सचं दिग्दर्शनाचं दुकान जवळजवळ बसलं. तातीनं त्याच मध्यमवर्गाला हसवलं होतं, पण स्वतः त्यांच्यात उभं राहून. आपण ज्याला हसतोय तो आपल्याच रांगेत उभा आहे, एवढी खात्री असली की माणूस राग धरत नाही.

याच एतेक्सनं यूलोच्या सुट्टीवर १९५८ साली निघालेल्या पुस्तकाची चित्रं काढली होती, आणि ते पुस्तक लिहिलं होतं झाँ-क्लोद कारिएर या तरुणानं. नाव ओळखीचं वाटलं ना? पीटर ब्रुकचं नऊ तासांचं 'महाभारत' १९८५ साली आव्हिन्यों इथे रंगमंचावर आलं, मल्लिका साराभाई ज्यात द्रौपदी होत्या, त्याची संहिता याच कारिएरची. तोंडात पाइप असल्यामुळे न बोलणाऱ्या माणसापासून सुरुवात केली आणि व्यासांपर्यंत पोचला.

ताती स्वतः मात्र व्यवहारात बुडाला. 'माझे काका' या पुढच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. मग १९६७ च्या 'प्लेटाइम'साठी त्यानं पॅरिसबाहेर काचेचं आणि पोलादाचं एक अख्खं शहर उभं केलं, तेही कर्ज काढून. सिनेमा चालला नाही. घर गेलं, आणि स्वतःच्या सिनेमांवरचे हक्कही गेले. आमच्या भाषेत खातं एनपीए. यूलोची सुट्टीसुद्धा तारणात अडकलेली! माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मीही नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं असतं, आणि नियमानं माझं बरोबरच असतं.

पण १९७८ साली, सत्तरी ओलांडलेला ताती पुन्हा त्या सँ-मार्कच्या पुळणीवर गेला. कशासाठी? एका विनोदासाठी. मधल्या काळात शार्कचा 'जॉज' हा अमेरिकन सिनेमा जगभर गाजला होता. तातीला आपली ती मिटलेली होडी आठवली. त्यानं लोकांना पुन्हा किनाऱ्यावर जमवून, शार्क आला समजून पळायला लावलं आणि ते तुकडे पंचवीस वर्षांपूर्वीच्या सिनेमात बेमालूम जोडले. यातून कर्जफेडीची सोय होणार नव्हती. एक हशा अर्धवट राहिला होता, तेवढा त्यानं पुरा केला.

कायदा मधल्या काळात आपल्या गतीनं पुढे जात होता. दोन आठवड्यांची पगारी रजा १९५६ साली तीन झाली, १९६९ साली चार, आणि १९८२ साली पाच आठवडे. त्याच १९८२ च्या नोव्हेंबरात ताती गेला. त्याच्यामागोमाग तीनच महिन्यांत लुई द फ्यूनेस.

सँ-मार्कला आता यूलोचा पुतळा आहे, जरासा पुढे झुकून पुळणीकडे बघणारा. सिनेमात मात्र त्याला निरोप द्यायला फारसं कुणी येत नाही. सुट्टी संपते, बॅगा भरल्या जातात, बहुतेक पाहुणे त्याच्याकडे पाठ फिरवतात. एक इंग्लिश बाई तेवढी हसून हात मिळवते. आणि दुसरा तो नवरा, जो आख्खी सुट्टी बायकोच्या चार पावलं मागे मुकाट्यानं फिरत होता. तो हळूच यूलोला गाठतो आणि आपला पत्ता त्याच्या हातात देतो.

आमच्या शाखेतले सहकारी मला विचारतात, पाच पाच आठवडे ते लोक करतात तरी काय? मी त्यांना त्या सिनेमातलं एक पोर सांगतो. ते दोन्ही हातांत आइस्क्रीमचे दोन कोन घेऊन पायऱ्या चढतं. समोर दार बंद, मूठ गोल. पोर कोनासकट मूठ फिरवतं, कोन पार आडवा होतो, आपला जीव खालीवर होतो. पण आइस्क्रीम पडत नाही. आत जाऊन ते एक कोन दोस्ताला देतं, आणि दोघं बसून खातात.