माउंटन स्नोमोबाईल: रीलमध्ये डोंगर चढणारी ही गाडी इतकी वेगळी का, आणि पुढे काय?

गुलमर्गला जाऊन आलेल्या अनेकांच्या फोनमध्ये स्नोमोबाईलवरचा एखादा व्हिडिओ सापडतो. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि बर्फाळ मैदानावर एक फेरी. पण कॅनडा-अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या रील्समध्ये बर्फाचा फवारा उडवत उभा चढ चढणारी गाडी वेगळी असते. तिला म्हणतात माउंटन स्लेड.

पहिला फरक पट्ट्यात. रस्त्यासारख्या दाबलेल्या बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलचा पट्टा साधारण १२९ ते १३७ इंच लांब असतो आणि त्यावरचे दाते जेमतेम इंच-सव्वा इंच. डोंगरावरच्या गाडीत पट्टा १५४ किंवा १६५ इंचांचा आणि दाते ३ इंचांपर्यंत. भुसभुशीत बर्फात रुतायचं नाही, उलट तो उपसत वर जायचं, यासाठी हा खटाटोप.

टर्बो कशाला?

उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाला ऑक्सिजन कमी पडतो. ढोबळ हिशेब असा की दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के ताकद जाते. म्हणजे १६५ हॉर्सपॉवरचं साधं इंजिन १०,००० फुटांवर ११५-१२० वर येतं. म्हणून स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोक इंजिनाला (हो, आपल्या आरएक्स १०० च्याच जातीचं) कारखान्यातूनच टर्बो बसवून दिला. ८,००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर कायम! २०२२ च्या मॉडेलमध्ये पोलारिसचं 'पेट्रियट बूस्ट' आलं, तर स्की-डूने आकडा १८० वर नेला.

पण फक्त हॉर्सपॉवर बघून तुलना केली तर फसगत होते. उतारावर आडवं जाताना गाडी एका कुशीवर कलती ठेवावी लागते आणि खरी परीक्षा तिथेच असते. आर्क्टिक कॅटच्या 'अल्फा'मध्ये मागच्या सस्पेन्शनला दोनऐवजी एकच रेल आहे, त्यामुळे ती पटकन कलते. कडक बर्फावर मात्र हीच गोष्ट डळमळीत वाटते. पोलारिसने वजन कमी करण्यासाठी साखळीऐवजी बेल्ट वापरला. स्की-डूने बटणस्टार्टसाठी जड बॅटरी टाळून अल्ट्राकॅपॅसिटर लावला. दिवसातला पहिला स्टार्ट दोरी ओढून करायचा, पुढचे बटणावर. नवशिक्याला टर्बोपेक्षा हलकी गाडी जास्त उपयोगी पडते, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

पुढच्या मॉडेलकडून काय आशा?

आधी प्रश्न आहे गाड्या बनवणार कोण? १९६८ पासून या धंद्यात असलेल्या यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाईल बंद केल्या. आर्क्टिक कॅटचं उत्पादन मालक कंपनी टेक्स्ट्रॉनने थांबवलं आणि २०२५ मध्ये ती विकली. नवे मालक तिला पुन्हा उभी करू पाहतायत. ती सावरली नाही तर स्पर्धा मुख्यतः दोघांतच उरेल, आणि त्याची झळ किमतींनाही बसू शकते.

इलेक्ट्रिकचं काय? स्की-डूच्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या, पण एका चार्जवर सुमारे ५० किलोमीटर आणि मुख्यतः पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी. मॉन्ट्रियलच्या टायगा कंपनीवर २०२४ मध्ये कर्जदारांपासून कोर्टाचं संरक्षण मागायची वेळ आली. खोल बर्फात सतत पूर्ण जोर लावावा लागतो, बॅटरी जड असते, थंडीत तिची क्षमता घटते. दरीत चार्ज संपला तर चार्जर कुठून आणणार?

ताकद वाढली तशी गाडी अधिक तीव्र उतारांवर, म्हणजे हिमस्खलनाच्या टापूत पोहोचू लागली. मार्च २०१० मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकजवळ चढाई बघायला जमलेल्या गर्दीवर बर्फाचा लोंढा कोसळला. त्यात दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तिथे डोंगरात जाणाऱ्यांनी ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं सोबत ठेवायचं असतं, तेही गाडीला बांधून नाही, स्वतःच्या अंगावर. लोंढ्यात स्वार आणि गाडी वेगवेगळ्या ठिकाणी गाडले जाऊ शकतात.