पेशी : एका शब्दाची आणि एका प्रयोगशाळेची गोष्ट

न्हावा-शेवा म्हटले की बंदर आठवते. 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले आणि या किनाऱ्याचा पुढचा सारा इतिहास भूसंपादन, मिठागरे आणि कंटेनर यांच्याभोवती लिहिला गेला. ते रास्तच आहे. परंतु याच रायगड जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. सजीव पेशी कशी वाढते, कशी विभागते आणि कधी बेबंद होते, याचा शोध तेथे घेतला जातो. त्या शोधाच्या मराठी वंशावळीविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

आरंभ शब्दापासून करू. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात लहान कोठड्या पाहिल्या आणि तेच नाव त्यांना दिले. हिंदीने त्यासाठी ‘कोशिका’ स्वीकारला; मराठी विश्वकोशानेही तोच वापरला. आमच्या शालेय पुस्तकांत मात्र ‘पेशी’ रुजला. हा शब्द फार जुना. चरकसंहितेच्या शारीरस्थानात दुसऱ्या महिन्यातील गर्भाची तीन रूपे सांगितली आहेत : घन, पेशी आणि अर्बुद. यातला ‘अर्बुद’ आज आपण शरीरातील गाठीसाठी योजतो. म्हणजे वाढीचा शब्द आणि अनावर वाढीचा शब्द एकाच ओळीत शेजारी बसले होते! (यावरून चरकाला पेशीविज्ञान ठाऊक होते असे कोणी म्हणू नये, तो मोह वाईट.) ‘सूत्री विभाजन’ ही संज्ञाही अशीच पाहण्यासारखी. फ्लेमिंगने 1882 मध्ये ग्रीक ‘धागा’ या शब्दावरून नाव दिले, मराठीने त्याचे सूत्र केले. ‘गुणसूत्र’ मात्र भाषांतर नव्हे. मूळ शब्दाचा अर्थ ‘रंगीत पिंड’ एवढाच. मराठीने त्यात गुण ओतला. मराठीच्या वर्गात परिभाषा हा विषय कोरडा समजला जातो, हे आम्हांस पटत नाही.

आता माणसांकडे येऊ. कमल समर्थ यांचा जन्म 1917 साली पुण्याचा. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन. 1943 मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले ते सीताफळ-रामफळाच्या कुळाच्या पेशी-आनुवंशिकीवर. सीताफळाच्या पेशीत गुणसूत्रे चौदा. पेशी आधी वाढते, त्या गुणसूत्रांची प्रत करते आणि मग दोन्ही लेकींना चौदा-चौदा वाटून देते. माणसाची गुणसूत्रे 46 आहेत हे 1956 पर्यंत निश्चित नव्हते. 48 मानली जात. अशा काळात ही तरुणी सूक्ष्मदर्शकाखाली सूत्रे मोजत होती.

विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या. 1949 मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी देहाबाहेर काचपात्रात जगविणे, शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी अखंड विभागत राहिल्या. तिची संमती मात्र कोणी घेतली नव्हती. निरोगी मानवी पेशी काचपात्रात सुमारे पन्नास वेळा विभागून थांबते, हे हेफ्लिकने 1961 मध्ये दाखविले. कर्करोगाची पेशी थांबत नाही. थांबणे हाच आरोग्याचा भाग असतो, ही गोष्ट विज्ञानाला इतकी उशिरा कळावी याचे आम्हांस नवल वाटते.

रणदिवे परतल्या. परदेशी राहणे सोपे झाले असते असे आमचे मत. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करीत स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्या होत्या. 1982 मध्ये पद्मभूषण मिळाले. 2001 साली त्या निवर्तल्या, आणि पुढच्या वर्षी परळची ती संस्था खाडी ओलांडून खारघरला आली.