पब्लिक हाऊस आणि त्याचा शेजार

इंग्लंडमधील शहरांच्या जुन्या वस्त्यांत रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभी असलेली पब्लिक हाऊसेस गेल्या काही दशकांत फार मोठ्या संख्येने बंद पडली. त्यांपैकी पुष्कळांचा शेवट एकाच क्रमाने झालेला आढळतो. दार उघडे असते, बिअर असते, भोवती वस्तीही असते. परंतु त्या वस्तीतील माणूस आत पाऊल टाकीत नाही. चालक बदलतो, पाटी बदलते आणि अखेर वास्तू विकली जाते. याची कारणे म्हणून मद्यावरील कर, मोठ्या दुकानांतून मिळणारी स्वस्त बिअर, दूरचित्रवाणी आणि २००७ साली इंग्लंडमध्ये लागू झालेली धूम्रपानबंदी यांचा निर्देश करण्यात येतो. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु ती सर्वांना सारखीच लागू असता एक घर ओस पडते आणि जवळचेच दुसरे भरलेले असते, याचा उलगडा त्यांच्यायोगे होत नाही. त्यासाठी घर आणि शेजार यांच्या संबंधाचा इतिहासच पाहावा लागतो.

या संबंधाची खूण शब्दांतही उमटली आहे. पब्लिक हाऊस म्हणजे लोकांसाठी खुले असलेले घर. ‘पब’ हे त्याचेच संक्षिप्त रूप. विसाव्या शतकात इंग्रजी बोलीत ‘लोकल’ हे विशेषण नामासारखे वापरले जाऊ लागले आणि ‘आपले नेहमीचे पब’ असा त्याचा अर्थ रूढ झाला. सर्वांत जवळचे पब ते आपले ‘लोकल’, असे मात्र नव्हे. या शब्दात अंतरापेक्षा आपलेपणा अधिक आहे. मराठीतील ‘गुत्ता’ या शब्दाची घडण नेमकी याच्या उलट आहे. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. विक्रीच्या मक्त्यावरून विक्रीच्या जागेला ते नाव मिळाले. एक नाव शेजाराने दिले, दुसरे महसुलाच्या व्यवहाराने. इंग्लंडमधील पबचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे, थोडक्यात, ‘लोकल’चा ‘गुत्ता’ होत गेल्याचा इतिहास होय.

१८३० च्या बिअर कायद्याने कोणाही करदात्या गृहस्थास दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा दिली. न्यायाधिकाऱ्यांच्या अनुमतीची आवश्यकता उरली नाही. पहिल्या वर्षातच अशी वीस हजारांहून अधिक बिअरगृहे निघाली. त्यांत दारिद्र्य आणि बेबंदपणा पुष्कळ होता. पण विकणारा आणि पिणारा बहुधा एकाच गल्लीतले असत. १८६९ साली ही बिअरगृहे पुन्हा न्यायाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आली. परवाने दुर्मिळ होताच त्यांचे मोल वाढले आणि बिअर गाळणाऱ्या कारखानदारांनी परवान्यांसह घरेच विकत घेण्यास प्रारंभ केला. १८८६ साली गिनेस कंपनीचे भाग विक्रीस निघाले. त्यानंतर इतर कारखान्यांनीही भागभांडवल उभारले आणि त्यातील बराच पैसा घरे घेण्यात गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुसंख्य पब ‘टाइड हाऊस’, म्हणजे मालकाचीच बिअर विकण्यास बांधलेली घरे, झाली होती.

मालकी अशी दूर गेली तरी शेजार काही काळ टिकून राहिला. मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेने बोल्टन शहराचे ‘वर्कटाउन’ या नावाने निरीक्षण केले आणि १९४३ साली पबविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच पबात वेगवेगळ्या खोल्या, प्रत्येक खोलीचे निराळे गिऱ्हाईक, निराळा रिवाज आणि बिअरचा दरही निराळा, असे चित्र त्यात दिसते. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने एका आदर्श पबचे वर्णन लिहिले. तेथे नेहमीची माणसे बिअरइतकीच संभाषणासाठी येतात; आणि असे पब अस्तित्वातच नाही, हे लेखकाने शेवटी सांगून टाकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या चाळवजा घरांच्या रांगा पाडण्यात आल्या. कित्येक ठिकाणी कोपऱ्यावरचे पब तेवढे मोकळ्या जागेत एकटे उरले. जी शिल्लक राहिली त्यांच्यातील आडभिंती काढून एकच मोठे दालन करण्याचा प्रघात पडला. खोल्यांबरोबर खोल्यांचे रिवाजही गेले. १९८९ च्या शासकीय आदेशांनी मोठ्या कारखानदारांच्या बांधील घरांवर मर्यादा घातली. हेतू स्पर्धा वाढविण्याचा होता. परंतु हजारो घरे बिअर न गाळणाऱ्या, केवळ वास्तूंची मालकी बाळगणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेली. चालकाने भाडे द्यावयाचे आणि बिअरही मालकाकडूनच, पुष्कळदा बाजारभावाहून चढ्या दराने, घ्यावयाची, हा व्यवहार कायमच राहिला. अशा चालकास शेजाऱ्यांच्या आवडीप्रमाणे माल ठेवता येत नाही आणि त्यांच्या ऐपतीप्रमाणे दरही लावता येत नाही. तो फार काळ टिकत नाही. आणि गिऱ्हाइकाचे नाते मुख्यतः चालकाशीच असल्यामुळे तेही टिकत नाही.

दोष मात्र नेहमी दूरच्या मालकाचाच असतो असे नाही. बर्मिंगहॅमनजीकच्या स्मेदिक गावात ओतशाळांतून काम करणारे पंजाबी लोक १९६० च्या सुमारास पबच्या अगदी दाराशी राहात होते. तथापि काही पबांत त्यांना प्रवेशच नव्हता, तर काहींत विशिष्ट खोलीपलीकडे बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध चळवळ केली; १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स याने त्या गावास भेट दिली; आणि त्याच वर्षीच्या वंशसंबंधविषयक कायद्याने सार्वजनिक जागांतील असा भेदभाव बेकायदा ठरविला. पुढे जुने गिऱ्हाईक कमी झाले, तेव्हा त्या भागातील मोडकळीस आलेली काही घरे पंजाबी चालकांनी घेतली आणि बिअरबरोबर भट्टीवरचे मांस देण्यास सुरुवात केली. ही ‘देशी पब’ चालली. शेजारी गिऱ्हाईक नव्हतेच, ही समजूत यावरून फोल ठरते. गिऱ्हाईक होते, त्यास शेजारी मानले गेले नव्हते.

अलीकडचे उपायही याच दिशेने गेलेले दिसतात. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील ओल्ड क्राउन हे पब २००३ साली गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतले. २०११ च्या लोकलिझम कायद्याने, वस्तीने मोलाची ठरविलेली वास्तू विक्रीस निघाल्यास ती घेण्याच्या तयारीसाठी रहिवाशांना अवधी मिळू लागला. लंडनमधील आयव्ही हाऊस २०१३ साली अशाच रीतीने पुन्हा उघडले. सहकार म्हणजे यशाची हमी नव्हे. भाडे, कर आणि वीज यांचा हिशेब तेथेही चुकत नाही. परंतु काय विकावे, केव्हा उघडावे आणि कोणाला बसवून घ्यावे, हे निर्णय अशा ठिकाणी पुन्हा शेजाराकडे येतात. ओस पडलेल्या पबची चिकित्सा करताना बिअरच्या दराआधी हे निर्णय कोणाच्या हाती आहेत, हे पाहणे म्हणूनच इष्ट होय.