पांझरेचे फड : पाण्याचा हिशेब

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या पाण्यावर गावाने मिळून शेती भिजवण्याची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. तिचे कौतुक पुष्कळ झाले. तिचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत वेळेवर पोचण्याजोगे होते का, हे मात्र उपलब्ध कागदांवरून तपासून पाहिले पाहिजे.

पहिला कागद १८८० च्या खानदेश गॅझेटियरचा. त्यात बंधाऱ्यांची आणि पाटांची नोंद आहे. पण ती सरकारी नजरेतून झालेली. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा नुकताच झाला होता आणि महसुलाच्या लेखी भिजलेल्या जमिनीवरचा आकार मोलाचा होता. पाणी कोणत्या शेताला किती दिवसांनी मिळाले, हे अशा नोंदीतून कळत नाही.

ते कळण्यासाठी रचनेकडे वळावे लागते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डाइंग विजडम’ या अहवालात तिची मापे आहेत. कालवा २ ते १२ किलोमीटर लांब, त्याची वहनक्षमता सेकंदाला सुमारे ४५० लिटर. फड, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे गट, १० ते २०० हेक्टरांचे, सरासरी १०० ते १२५. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग, आणि जादा पाणी नदीत परत सोडणारा सांडम.

आता हिशेब मांडू. कालवा भरून वाहिला तर दिवसाला सुमारे ३८,९०० घनमीटर पाणी येते. शंभर हेक्टरांचे चार फड धरले आणि प्रत्येक पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी दिले, तर लागतात ३ लाख घनमीटर. म्हणजे आठ दिवसांत फेरी पूर्ण. निम्मे पाणी पाझरून गेले तरी सोळा दिवसांत. मातीच्या पाटांसाठी ही क्षमता कमी नाही.

खरी कसोटी नदी आटल्यावर लागते. प्रवाह निम्म्यावर आला आणि चारही फड भिजवायचे ठरवले, तर पाळी दुप्पट लांबते आणि सगळीच पिके वाळतात. म्हणून कोणते फड भिजवायचे आणि कोणते पडीक ठेवायचे, हे गाव दरवर्षी ठरवी. दोन फड बंद ठेवले की उरलेल्यांची पाळी तीच राहते. एका फडात एकच पीक असल्याने पाण्याची गरजही एकाच वेळी येई. शेतकऱ्याची जमीन सहसा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे टंचाईची झळ एकट्यादुकट्याला न बसता वाटली जाई. पाणी शेतकरी स्वतः वळवत नसे. पाणी वाटणारा पाटकरी ते शेतामागून शेत भिजवत नेई, आणि शेवटच्या शेताची तहान मालकाच्या वजनावर अवलंबून राहत नसे.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. लाभ थळात, म्हणजे भिजणाऱ्या क्षेत्रात, जमीन असणाऱ्यालाच, बाहेरच्याला नाही. पिकाची निवड व्यक्तीच्या हाती नव्हती. पुढे विहिरी वाढल्या, ज्याला त्याला आपले पीक हवेसे झाले आणि सामूहिक शिस्तीची गरज ओसरली.

म्हणून निर्णय असा : भिजलेल्या क्षेत्रावर मोजली तर फड पद्धत लहान ठरते, टंचाईत पाळी टिकवण्यावर मोजली तर भक्कम ठरते. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांना सिंचन व्यवस्थापनाचे अधिकार दिले. त्यांचे मूल्यमापनही याच दुसऱ्या मापाने व्हावे.