बिडाचा ठोकळा आणि वेगाचे वेड

गाडीचे एंजिन गेले असे आपण सहज म्हणतो. पण त्यातले नेमके काय गेले हे फारसे कोणी विचारीत नाही. पिस्टन बदलता येतात, व्हॉल्व्ह घासता येतात, क्रँकही लेथवर चढवून पुन्हा कामाचा करता येतो. परंतु हे सगळे ज्या बिडाच्या ठोकळ्यात बसवलेले असते तो ब्लॉकच तडकला, की भला भला मेकॅनिक हात पुसून बाजूला उभा राहतो. मग दुसरा ब्लॉक शोधणे आले. हा शोध एका पिढीने कसा केला, त्याची हकीकत आज सांगायची आहे. ही पिढी होती अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियातली.

१९३२ साली हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांची गाडी बाजारात आणली. तशी एंजिने आधीही होती. कॅडिलॅकने १९१४ सालीच ते केले होते. पण ती श्रीमंतांची मिरास. सिलिंडरांचे भाग निराळे ओतायचे आणि खालच्या पेटीला बोल्टांनी जोडायचे, म्हणजे खर्च आलाच. फोर्डचा हट्ट असा, की सारा ब्लॉक एकसंध ओतायचा आणि गाडी सामान्य माणसाला परवडली पाहिजे. पाण्याच्या वाटा, धुराच्या वाटा, आठ सिलिंडर, सगळे एकाच ओतीत! त्यासाठी साच्यात वाळूचे कितीतरी गाभे बसवावे लागत. त्यातला एखादा जरासा हलला, तर सिलिंडरची भिंत एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ होई. सुरुवातीला ओतलेले पुष्कळ ब्लॉक मोडीतच गेले. पण म्हातारा हटला नाही. २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे एंजिन घेऊन गाडी निघाली ती ४६० डॉलरपासून.

या एंजिनात एक खोड मात्र जन्मजात होती. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, आतल्या बाजूला असत. जळालेला धूर तिथून निघून सिलिंडरांच्या मधून ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडे. म्हणजे तापलेला धूर आणि थंड करणारे पाणी एकाच घरात नांदायचे. रेडिएटर उकळायचा हे ठरलेलेच. आणि व्हॉल्व्हची बैठक व सिलिंडर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत तडा जायचा, हेही बहुधा ठरलेले.

पण गाडी स्वस्त आणि ताकद भरपूर! जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून पोरे ती म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेत आणि तासाला किती मैल निघतात ते पाहत. १९३७ साली त्यांची रीतसर संघटना झाली. युद्ध संपल्यावर तर या वेडाला पूर आला. सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या खिशात थोडे पैसे होते आणि हातात यंत्रांची सवय होती.

आता ब्लॉक कोणता घ्यायचा? भंगारवाल्याच्या आवारात दहा पडलेले असत. १९३८ पर्यंतच्या ब्लॉकवर हेड धरायला दर बाजूला २१ स्टड, पुढे ते २४ झाले. जाणता माणूस आधी स्टड मोजी. १९३९ साली निघालेल्या मर्क्युरी गाडीचा बोअर ३ ३/१६ इंचांचा, म्हणून ती मागणीत. पण १९४६ पासून फोर्डलाही तोच बोअर मिळाला. ज्याला हे ठाऊक असे तो मर्क्युरीच्या नावाचे जादा पैसे न मोजता फोर्डचा ब्लॉक उचली. गाडीचा क्रमांक ब्लॉकवर नसे, तो गिअरबॉक्सच्या कवचावर आणि चॅसिसवर ठोकलेला. तेव्हा ब्लॉकची ओळख पटवायची ती अंगाखांद्यावरून. मागच्या घंटेसारख्या कवचावर '५९' हा आकडा ओतलेला दिसला, की पोरगा मनातून हरखे. चेहऱ्यावर मात्र दाखवीत नसे. घासाघीस व्हायची होती ना!

खरी परीक्षा पुढेच. ब्लॉक उकळत्या सोड्यात धुवायचा, मग रॉकेल लावून पुसायचा आणि वरून खडूची भुकटी चोळायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते. पैसा असेल त्याने लोहचुंबक आणि लोखंडाचा कीस वापरून पाहावे. हे न करता जो थेट बोअर करून घेई, त्याचे कारखान्याचे पैसे जात, नवे पिस्टन जात आणि तळ्यावर पहिल्याच धावेत तेलात पाणी येई. महिन्यांची बचत अशी गेलेली माणसे थोडी नव्हती. मला विचाराल तर स्वस्त ब्लॉक तोच, ज्याची तपासणी आधी झाली.

बोअर किती वाढवायचा हाही लोभाचाच प्रश्न. ३ ३/८ इंचांपर्यंत बोअर आणि १९४९ नंतरच्या मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक, एवढे जमले की २८६ घनइंच होत. तो क्रँक जुन्या ५९ ब्लॉकमध्ये बसेही. पण गाभा हललेला ब्लॉक निघाला, तर पातळ भिंतीने दगा दिलाच म्हणून समजा. लढाऊ विमानाच्या तेलाच्या जादा टाकीपासून अ‍ॅलेक्स झायडियास याने बनवलेली गाडी १९५२ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर तासाला १९८ मैल धावली, ती अशाच मर्क्युरी एंजिनावर.

पुढे डोक्यावर व्हॉल्व्ह असलेली एंजिने आली. अमेरिकेत फोर्डने १९५३ नंतर हे एंजिन आपल्या गाड्यांत बसवणे थांबवले, आणि १९५५ साली शेवरोलेचे हलके एंजिन आल्यावर बहुतेक पोरे तिकडे वळली. याच जातीची एंजिने कॅनडाच्या फोर्ड लष्करी ट्रकांतून युद्धकाळी हिंदुस्थानी सैन्यानेही चालवली होती, हे जाता जाता सांगतो.

गंमत अशी की फ्रान्समध्ये हे एंजिन जिवंत राहिले. सिम्काने ते लष्करी ट्रकांसाठी पुढेही ओतले. बोअर व स्ट्रोक मर्क्युरीचेच, ४१८४ घनसेंटिमीटर. सैन्याने ते मोडीत काढले, तेव्हा जुन्या फोर्ड गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांनी ते समुद्रापार नेले. वयाने लहान, कित्येक तर फारसे न चाललेले. तरीही शहाणा गिऱ्हाईक ते घरी आणल्यावर आधी धुतो आणि व्हॉल्व्हच्या बैठकीशी तडा आहे का ते पाहतो. बोअर मग.