महामारीच्या काळात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार : गोंदियाच्या रुग्णांसाठी काही माहिती

मार्च २०२० मध्ये देशातील प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागू झाली. मोठ्या शहरातील माणसाला या घटनेचा गोंदिया जिल्ह्यातील अर्थ सहज उमगणार नाही. येथील अनेक कर्करुग्णांना उपचारांसाठी लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय तेथे आहे. ज्यांना त्याहून पुढे जावे लागते ते विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील खेड्यांतून तर गोंदिया स्थानकापर्यंत येणे हाच एक प्रवास असतो. गाडी थांबली आणि अनेकांच्या उपचारांची वाटही थांबली.

हे केवळ आपल्याच जिल्ह्यात घडले नाही. देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत असे आढळले की, मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. रोग घटला नव्हता. रुग्ण पोहोचू शकले नव्हते.

भीतीलाही कारण होते. रक्ताच्या कर्करोगात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात आणि केमोथेरपीने त्या आणखी कमी होतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, रक्ताचा कर्करोग व कोविड असे दोन्ही आजार असलेल्या, बहुतांशी रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांपैकी ३४ टक्के दगावले. मुलांत हे प्रमाण ४ टक्के होते. तथापि या आकड्याने घाबरून स्वतःच्या मनाने औषध सोडणे ही आमच्या मते त्याहून मोठी चूक होय.

कोणते उपचार थांबू शकतात आणि कोणते नाहीत, हे रोगाच्या प्रकारावर अवलंबून असते. तीव्र ल्युकेमिया आठवडाभरही वाट पाहत नाही. उलट काही मंद गतीच्या लिम्फोमांत डॉक्टर एरव्हीही नुसती देखरेख ठेवतात. मायलोमाच्या काही रुग्णांचे मूलपेशी प्रत्यारोपण महामारीत पुढे ढकलले गेले आणि तोवर औषधे चालू ठेवण्यात आली. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला इमॅटिनिबची गोळी रोज घ्यावी लागते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहण्यातील अडथळा दूर झाला. ही गोळी घरी पोहोचली तर दर वेळी गाडी पकडण्याची गरज उरत नाही. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांनाही अखेरच्या टप्प्यात बरेच महिने प्रामुख्याने गोळ्याच द्याव्या लागतात. त्यात खंड पडला तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून घरात किमान महिनाभराचा साठा असावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे तिरोडा वा आमगावच्या प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी करून अहवाल नागपूरच्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवता येऊ लागला. ही सोय साथ ओसरल्यावरही उपयोगाची आहे.

ताप मात्र दूरध्वनीवर निभावण्याची गोष्ट नाही. केमोथेरपी घेणाऱ्याचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला की तत्काळ रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. साथीच्या दिवसांत तापाचा रुग्ण प्रथम नाकातील नमुन्याच्या अहवालासाठी बसवून ठेवला जाई. अशा वेळी नातेवाइकाने ‘केमोथेरपी चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे व फाईल दाखवावी, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना प्रतिजैविक अहवालासाठी थांबू शकत नाही.

रक्ताचा प्रश्न वेगळाच. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. महाविद्यालये बंद झाली की शिबिरे बंद होतात. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्णही त्याच रक्तपेढीवर अवलंबून असतात, हे विसरता कामा नये. धर्मग्रामाच्या सभागृहात वेळ ठरवून, थोड्या थोड्या दात्यांना बोलावून शिबीर घेणे शक्य आहे. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी व स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. त्या यादीत ल्युकेमिया, लिम्फोमा व मायलोमा होते. परंतु रिटुक्सिमॅबसारख्या औषधानंतर काही महिने लसीचा परिणाम क्षीण राहतो. म्हणूनच घरातील इतरांनी लस घेणे हेच रुग्णाचे कुंपण ठरते.

आजाऱ्याला भेटायला जाणे ही आपली जुनी रीत. येथे ती थोडी आवरावी लागेल : सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच विचारपूस करावी. घरी ख्रिस्तशरीर घेऊन येणाऱ्याने मुखपट्टी लावावी, हात धुवावेत. पांढऱ्या पेशी फारच कमी असतील तेव्हा कुटुंबाने आधी डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरी कोविड आणि फ्लू यांचा धोका या रुग्णांना आजही आहे.

शेवटी प्रवासाविषयी. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुढच्या भेटीचे प्रमाणपत्र मागील भेटीतच मागून घेतल्यास एक हेलपाटा वाचतो.