हुंडी आणि बागेची पाटी

आमच्या घराजवळच्या सार्वजनिक बागेच्या फाटकावर एक निळी पाटी आहे. फुलं तोडू नयेत, हिरवळीवर झोपू नये, बाकांवर नावं कोरू नयेत आणि सर्वांत शेवटी ‘कुत्र्यांना आत आणण्यास सक्त मनाई आहे’. गेली पंधरा वर्षं ही पाटी वाचत मी आत जात होतो आणि शेवटच्या ओळीला मनातल्या मनात अनुमोदनही देत होतो.

पण गेल्या चैत्रात मेव्हण्याची गुवाहाटीला बदली झाली आणि ‘दोनच महिन्यांचा प्रश्न आहे’ असं सांगून तो आपली कुत्री आमच्या पदरात टाकून गेला. तिचं मूळ नाव ब्यूटी. त्या नावानं चारचौघांत हाक मारायचं धाडस मला होईना (सौ. बरोबर असताना तर नाहीच नाही), म्हणून मी तिचं नाव हुंडी ठेवलं. अस्मादिक बी. कॉम. आहेत. दर्शनी हुंडी म्हणजे लिहायची दुसऱ्यानं आणि समोर दिसल्याबरोबर पैसे मोजायचे आपण. मुदत नाही, सवलतीचे दिवस नाहीत. मेव्हण्यानं आमच्यावर काढलेल्या या जिवंत दस्तऐवजाला दुसरं नाव शोभलंच नसतं.

पहिल्याच सकाळी फाटकावर अडवलं गेलो.

“साहेब, पाटी वाचा.”

“वाचली.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. काउंटरच्या आत बसून वीस वर्षं मीच लोकांना ‘मग?’ विचारत आलोय. हुंडीनं रखवालदाराच्या बुटांचा वास घेऊन प्रकरण आपसात मिटवायचा प्रयत्न केला, पण तो नियमाचा पक्का निघाला. घरी परतलो आणि ठरवलं, की कुत्र्याला फाटकात अडवायची ही चाल मुळात कुणी पाडली ते बघायचं. शाखेतला सर्व्हर बंद पडला की माणसाचं पुष्कळ वाचन होतं.

सर्वांत जुना दाखला निघाला तो थेट महाभारतातला. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत एकेक करून पडले. उरले धर्मराज आणि मागोमाग येणारा एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन हजर झाला आणि म्हणाला, तुम्ही बसा, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. म्हणजे पहिल्या पाटीचा मान नंदनवनाकडेच जातो म्हणायचा! धर्मराज हटून बसला, भरवशानं आलेल्याला टाकून मी येणार नाही म्हणाला. शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला आणि सगळ्यांचीच अडचण सुटली. हुंडीनं अद्याप आपलं मूळ रूप प्रकट केलेलं नाही. शिवाय हिमालयात घसरगुंडी नव्हती आणि तिच्याकडे धावणारी पोरंही नव्हती.

पाट्यांच्या इतिहासात शांघायच्या बागेचं नाव फार मोठं आहे. तिथं नदीकाठी १८६८ साली परदेशी लोकांनी बाग केली. तिच्या फाटकावर ‘कुत्रे व चिनी माणसं यांना मज्जाव’ अशी पाटी होती, असं जगभर सांगतात. नियमावलीत प्रत्यक्षात कुत्र्यांचं कलम वेगळं होतं आणि चिन्यांना वगळणारं वेगळं. दोन वेगळ्या नोंदी लोकांच्या मनानं एका ओळीत आणल्या, पण हिशेब काही चुकला नाही; अपमानाची बेरीज तेवढीच येते. चिनी माणसाला स्वतःच्याच गावातल्या त्या बागेत शिरायला १९२८ साल उजाडावं लागलं.

पण मला खरा धक्का बसला तो आमच्या शाखेच्या पायाशीच. आमची शाखा फोर्टात आहे. ज्या रस्त्यांवर मी रोज वडापाव खातो, त्याच भागात १८३२ साली कुत्र्यांवरून दंगल झाली होती!

त्याचं असं झालं. कंपनी सरकारला मुंबईतल्या बेवारशी कुत्र्यांचा उपद्रव वाटे. उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत असे कुत्रे मारायचा हुकूम आधीपासून होताच. त्या वर्षी ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. इथवर सगळं फायलीत शोभण्यासारखं. पण कुठल्या तरी हुशार डोक्यानं शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं.

वाचकहो, माणसाला नगामागे पैसे लावले की काय होतं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. वरून विम्याच्या पॉलिसींचं टार्गेट आलं, की पेन्शन काढायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही वीस वर्षांची पॉलिसी कशी हितावह आहे हे आम्ही पटवून देऊ लागतो. शिपायांचं तेच झालं. बेवारशी कुत्रा हुशार असतो, तो पळतो. घरचा कुत्रा ओट्यावर विश्वासानं झोपलेला असतो. आठ आणे दोघांनाही सारखेच. तेव्हा शिपाई पाळलेले कुत्रेही धरू लागले आणि त्यासाठी लोकांच्या घरात शिरू लागले.

६ जूनला पारशी मंडळींचा पवित्र दिवस होता. त्यांच्यात माणूस गेला की मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडायचा ‘सगदीद’ नावाचा विधी असतो. त्यांच्या लेखी कुत्रा म्हणजे परलोकाच्या वाटेवरचा सोबती. त्याच दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत कुत्र्यांची धरपकड आणि मारहाण सुरू झाली. जमाव जमला आणि गोऱ्या शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही सामील झाले. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली आणि साहेबांच्या बग्ग्यांवर कचरा पडला. अखेर फौज बोलवावी लागली आणि पुढाऱ्यांना धरलं. मागाहून जमशेटजी जीजीभाईंसारख्या वजनदार मंडळींनी अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्रे मारण्याऐवजी गावाबाहेर न्यावेत असं ठरलं. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. हे वाचल्यापासून त्या बाजूला गेलो की माझा हात आपोआप नमस्काराला उठतो.

हे सगळं मी हुंडीला सविस्तर सांगितलं. ती झोपली. पण माझी छाती फुगली होती. शेजारच्या वॉर्डातल्या एका बागेत सकाळी सातपर्यंत साखळीला बांधलेले कुत्रे चालतात असं कळलं, तेव्हा जमशेटजींचा वारस असल्याच्या थाटात मी तिथं गेलो. आणि सकाळचं गार वारं सुटलंय, बाग मोकळी आहे, एवढ्या भांडवलावर मी हुंडीची साखळी सोडली.

कारंज्यापाशी सहा-सात वर्षांचा एक मुलगा हातात बिस्किट घेऊन उभा होता. हुंडीला बिस्किट दिसलं. त्या पोराला दात दिसले. त्यानं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. बापानं धावत येऊन त्याला उचललं, आणि मी वीस पावलांवरून ओरडलो, “घाबरू नका हो, काही करत नाही ती!”

वाक्य तोंडातून निघालं आणि मीच थिजलो. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. १९८८ सालच्या मे महिन्यात, आमच्या वाडीत. ते म्हणणारे गृहस्थ जिन्यात उभे होते, त्यांचा कुत्रा मोकळा होता, आणि ‘काही करत नाही तो’ या वाक्यातला ‘तो’ पुरा व्हायच्या आत त्यानं दादाच्या पोटरीचा लचका तोडला होता.

पाश्चरनं १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या पोराला पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस पहिल्यांदा टोचली, तेव्हा तो पोरगा नऊ वर्षांचा होता. आमचा दादाही नऊच वर्षांचा होता. त्या काळी आपल्याकडे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे आणि ती पोटात चौदा दिवस टोचत. रोज सकाळी आई दादाला घेऊन निघायची. जाताना तो गप्प असे; येताना त्याच्या हातात लिमलेटची गोळी असे आणि ती तो न खाता मला देत असे. चौदा गोळ्या मी खाल्ल्या. ती लस २००५पर्यंत हद्दपार झाली. आता जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, लगेच दवाखाना गाठायचा आणि दंडात इंजेक्शनं घ्यायची. पोटाला कुणी हात लावत नाही. पण रोग तोच आहे. एकदा लक्षणं दिसली की जवळपास कुणी वाचत नाही. दादा आज पन्नाशीकडे झुकला, तरी समोरून कुत्रं आलं की रस्ता ओलांडतो. हुंडी आल्यापासून तो आमच्या घरी आला नव्हता. कामाचा व्याप आहे म्हणायचा.

त्या दिवशी मी त्या मुलाच्या वडिलांची माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, आणि तेच योग्य होतं. १८३२च्या दंगलीत मी स्वतःला पारशांच्या बाजूला उभं केलं होतं. पण फाटकावरची ती निळी पाटी कुठल्या कंपनी सरकारनं नव्हे, माझ्यासारख्यांनीच लिहवून घेतली आहे, हे तेव्हा कळलं.

आता आमचा थाट निराळा आहे. हुंडीच्या गळ्यात महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला, खिशात लसीचं कार्ड, साखळी दोन हात लांब, आणि काखेत कालचं वर्तमानपत्र. वर्तमानपत्राचा उपयोग फोड करून सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये कुत्र्याचं मागचं मालकानं उचलायचा कायदा १९७८ साली एक ऑगस्टपासून अमलात आला, त्यावर तिथं केवढं रणकंदन झालं होतं. आमच्याकडे फक्त सौ. एवढंच म्हणाली, “अहो, अग्रलेखाचं पान नका नेऊ, मी अजून वाचलं नाही.”

गेल्या रविवारी दादा अचानक बागेच्या फाटकाशी दिसला. घरी गेला होता, सौ.नं इकडे पाठवलं. आम्ही दोघं चालू लागलो. तो रस्त्याच्या त्या कडेनं, मी आणि हुंडी या कडेनं. मधे चांगलं दहा फूट अंतर. आईच्या मोतीबिंदूबद्दल बोलणं झालं तेही मोठ्यानं. तिसऱ्या फेरीला तो थांबला.

“साखळी नीट धरलीयस ना?”

“हाताला दोन वेढे दिलेत.”

“तीन दे,” दादा म्हणाला, आणि एक पाऊल अलीकडे सरकला.